समोर म्हणजे नेमकें कोठें?

परक्या भाषेंतील कठीण शब्द माणसास सहसा फसवीत नाहींत. कठीण शब्द भेटला कीं आपण सावध होतों, कोश उघडतों, कोणा जाणत्यास विचारतों आणि मगच तो लेखणींतून खालीं उतरूं देतों. फसवितात ते सोपे शब्द. लहानपणीं शिकलेले, रोज जिभेवर घोळणारे, ज्यांच्या अर्थाविषयीं आपल्या मनांत कधीं शंकाच उभी राहिली नाहीं असे. त्यांतूनहि वर, खालीं, आंत, पुढें, समोर अशीं स्थळें दाखविणारे जे चिमुकले शब्द असतात, त्यांच्याइतके बेमालूम फसविणारे दुसरे कोणी नसतील. अशाच दोन इंग्रजी शब्दांनीं गेल्या वैशाखांत आमच्या घरांत जो घोटाळा केला, तो आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे. घोटाळा लहानसाच, परंतु त्यापायीं एका वृद्ध स्त्रीवर मोठा अन्याय होऊं घातला होता, म्हणून त्याची हकीकत या सदरांत देणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या आत्याबाईंचें वय ७८. सांगलीकडील एका हायस्कुलांत त्यांनीं आपल्या उमेदीचीं सारीं वर्षें इंग्रजी शिकविण्यांत घालविलीं. यजमान निवर्तल्यावरहि त्या सांगलीसच राहिल्या; पण वर्षांतून दोन-तीन वेळां एकट्याच एस. टी.नें पुण्यास येतात, आठ-पंधरा दिवस आमच्यांत राहतात आणि मुलांचीं लग्नें, बाळंतपणें, परीक्षा यांचा सारा हिशेब घेऊन परत जातात. हा एकटीचा प्रवास त्यांना अतिशय प्रिय आहे. "अजून माझें तिकीट मी काढतें," हें त्या ज्या आवाजांत सांगतात, तो आवाज ऐकला म्हणजे या तिकिटाची किंमत केवळ पैशांत नाहीं हें ध्यानांत येतें.

गेल्या खेपेस त्यांना आणावयास आमच्या थोरल्या बंधूंचे धाकटे चिरंजीव मोटार घेऊन गेले. स्थानकापाशीं मोटार उभी करण्यास जागा नव्हती. तेव्हां त्यांनीं जवळच्या हमरस्त्यावरील एका बँकेची खूण ठरविली आणि मोबाइलवर इंग्रजींत एक ओळ लिहून पाठविली. तिचा आशय इतकाच कीं, मी बँकेच्या 'इन् फ्रंट ऑफ' उभा आहें. आत्याबाई पिशवी सांभाळीत बँकेच्या पायऱ्यांपाशीं आल्या. तेथें मोटार नव्हती. चिरंजीव रस्त्याच्या पलीकडच्या कडेस, बँकेकडे तोंड करून उभे होते. मधून वाहनांचा अखंड ओघ, दुभाजकाचा लोखंडी कठडा आणि त्यांतून वर गेलेले मेट्रोचे जाडजूड खांब. इकडचें माणूस तिकडे दिसावें कसें? आत्याबाईंनीं फोन केला तो चिरंजीव कार्यालयाशीं बोलत असतांना; चिरंजीवांनीं केला तो पिशवीच्या तळाशीं वाजला आणि रस्त्याच्या गोंगाटांत विरून गेला. अशीं ५० मिनिटें गेलीं. शेवटीं घाबरून चिरंजीवांनीं पुढच्या चौकांतून मोटार वळविली, तेव्हां बँकेच्या पायरीवर पदरानें वारा घेत बसलेल्या आत्याबाई त्यांच्या दृष्टीस पडल्या.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मंडळींची सभा भरली. आत्याबाई माजघरांत पडल्या आहेत अशी सर्वांची समजूत होती. बंधु म्हणाले, आत्यानें आतां एकटीनें येणें-जाणें पुरे. वय झालें म्हणजे माणसाचा गोंधळ होतोच. वहिनींनीं मान हलविली. सुनांपैकीं एकीनें, ऊन केवढें होतें याची आठवण दिली. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. आणि आम्हीहि, खरें सांगावयाचें तर, गप्पच राहिलों. वृद्ध माणसाच्या हातून चूक झाली असेल हें आपणांस किती लवकर पटतें! तरुणाची चूक ही चूक असते. म्हाताऱ्याची चूक मात्र वयाचा पुरावा होऊन बसते.

इतक्यांत आत्याबाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनीं आपला मोबाइल नातवापुढें धरला आणि म्हणाल्या, "बाळ, तूं पाठविलेली ओळ सर्वांना मोठ्यानें वाचून दाखव." त्यानें ती वाचली. "आतां सांग, मी कोठें उभी होतें?"

"बँकेच्या पायऱ्यांपाशीं."

"म्हणजे बँकेच्या 'इन् फ्रंट ऑफ'. आणि तूं?"

"मीहि समोरच होतों कीं, आत्याआजी. रस्त्याच्या त्या बाजूस."

"तें 'ऑपोझिट' झालें, बाळ. तीस मुलांच्या वर्गाला हें मी दरसाल शिकवीत असें. तूं लिहिलेंस एक आणि उभा राहिलास दुसरीकडे. मी मात्र जें वाचलें तेथेंच उभी राहिलें."

सभा निःशब्द झाली. चिरंजीव म्हणाले, "पण दोन्हींचा अर्थ 'समोर' असाच ना?"

या एका प्रश्नांत साऱ्या घोटाळ्याचें मूळ आहे. मराठींत आपण 'बँकेसमोर' म्हटलें तर माणूस बँकेच्या पायरीखालीं उभा असूं शकतो, तसाच रस्त्यापलीकडेहि असूं शकतो. 'घरासमोर अंगण आहे' यांत अंगण घराला चिकटून आहे. 'घरासमोर शाळा आहे' यांत घर आणि शाळा यांच्यामध्यें रस्ता आहे. शब्द एकच, जागा दोन. ऐकणारा आपल्या अनुभवानें योग्य ती जागा निवडतो, कारण अंगण रस्त्यापलीकडे नसतें आणि शाळा ओसरीला चिकटलेली नसते. मोटारीचें मात्र तसें नाहीं. ती अलीकडेहि उभी राहते आणि पलीकडेहि. इंग्रजाने या दोन जागांसाठीं दोन शब्द ठेवले आहेत, आणि ते अदलाबदल करून वापरलेले त्याला चालत नाहींत.

भेद समजण्यास पंगतीचें उदाहरण घ्यावें. दिवाणखान्यांत दोन रांगा बसल्या आहेत, मधून वाढप्यांना जाण्यापुरती वाट आहे. आपल्या पाटापुढें केळीचें पान मांडलें आहे. हें पान आपल्या 'इन् फ्रंट ऑफ' आहे. वाटेच्या पलीकडे, पलीकडच्या रांगेंत, आपल्याकडे तोंड करून व्याही बसले आहेत. ते आपल्या 'ऑपोझिट' आहेत. पानाला 'ऑपोझिट' म्हणतां यावयाचें नाहीं. पान आपल्या पुढ्यांत आहे. तें आपल्याकडे पाहत नाहीं, आणि त्याच्या व आपल्यामध्यें कांहीं ओलांडावयाचेंहि नाहीं. व्याह्यांना मात्र तोंड आहे, आपणांसहि आहे, दोन्हीं तोंडें एकमेकांकडे आहेत आणि मध्यें अंतर आहे. एकाच बैठकींत दोन्हीं शब्दांचीं घरें अशीं वेगवेगळीं दिसतात.

दुसरें उदाहरण रेल्वेचें. तिकिटाच्या खिडकीपाशीं रांगेंत जो आपल्या अगोदर उभा आहे, त्याची आपणांस पाठ दिसते. तो 'इन् फ्रंट ऑफ'. गाडींत बसल्यावर समोरच्या बांकावर जो प्रवासी येऊन बसतो, त्याचा आपणांस चेहरा दिसतो. तो 'ऑपोझिट'. मराठींतहि येथें आपण न चुकतां भेद करतों. रांगेंतला माणूस 'माझ्या पुढें' असतो आणि बांकावरचा 'माझ्या समोर' असतो. रांगेंतील गृहस्थास 'तो माझ्या समोर उभा होता' असें कोणी म्हटलें तर आपण समजतों कीं तो वळून भांडावयास उभा राहिला असावा.

यावरून एक साधी कसोटी हातीं लागते. 'ऑपोझिट' हें नातें उलटविलें तरी खरें राहतें. बँक शाळेच्या 'ऑपोझिट' असेल, तर शाळाहि बँकेच्या 'ऑपोझिट' असलीच पाहिजे. 'इन् फ्रंट ऑफ' चें तसें नाहीं. रांगेंत तो माझ्या पुढें आहे, म्हणून मी त्याच्या पुढें आहें असें होत नाहीं. मी त्याच्या मागें असतों. पहिलें नातें बरोबरीचें आहे, दुसरें एकतर्फी आहे. 'ऑपोझिट' ला दोन पक्ष लागतात. 'इन् फ्रंट ऑफ' ला एकाच पक्षाचें तोंड पुरतें, आणि त्या तोंडापुढें जें कांहीं असेल तें त्याचें पुढचें.

कोणी म्हणेल, शिक्षक वर्गाकडे तोंड करूनच उभे असतात, तरी इंग्रज त्यांना वर्गाच्या 'इन् फ्रंट ऑफ' म्हणतो, तें कसें? शंका योग्य आहे. केवळ तोंडें एकमेकांकडे असणें 'ऑपोझिट' ला पुरेसें नाहीं. एक शिक्षक आणि चाळीस मुलें ही जोडी होत नाहीं. घर आणि घर, बांक आणि बांक, पाट आणि पाट अशी जोडी लागते आणि मध्यें एखादी वाट, रस्ता, मेज किंवा नदी लागते. म्हणूनच मूल दूरदर्शन संचाच्या 'इन् फ्रंट ऑफ' बसतें आणि लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटगृहाच्या 'ऑपोझिट', टेम्स नदीच्या पलीकडे, सेंट टॉमस रुग्णालय आहे. नदी मध्यें आली कीं शब्द बदलला.

शब्दांचीं कुळें पाहिलीं म्हणजे हा भेद आणखी उजळतो. 'फ्रंट' हा लॅटिनमधील 'फ्रॉन्स' या शब्दापासून, जुन्या फ्रेंचच्या वाटेनें, इंग्रजींत आला. आणि त्याचा मूळ अर्थ कपाळ. म्हणजे 'इन् फ्रंट ऑफ' म्हणजे कोणाच्या तरी कपाळापुढें. 'ऑपोझिट' मात्र 'विरुद्ध' अशा अर्थाचा उपसर्ग आणि 'ठेवणें' या अर्थाचा धातु मिळून झाला आहे. तो म्हणजे समोरासमोर ठेवलेलें. एका शब्दांत एकच कपाळ आहे. दुसऱ्यांत दोन वस्तु एकमेकींसमोर मांडलेल्या आहेत. पंगतींत जो भेद दिसला, तोच या शब्दांच्या जन्मापासून त्यांच्यांत आहे.

हे दोन्हीं शब्द एकाच दालनांत पाहावयाचे असतील तर ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्समध्यें जावें. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून ही सभा वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यांतील सेंट स्टीफन्स या जुन्या प्रार्थनामंदिरांत भरूं लागली. तेथें गायकवृंदासाठीं दोन भिंतींलगत एकमेकींकडे तोंड केलेलीं आसनें होतीं. सभासद त्यांवरच बसत. १८३४ च्या आगींत तें मंदिर नाहींसें झालें, तरी बैठकीची पद्धत राहिली. १० मे १९४१ च्या रात्रीं जर्मन विमानांच्या माऱ्यांत नवें दालनहि उद्ध्वस्त झालें, तेव्हां तें पुन्हां बांधतांना अर्धवर्तुळाकार करावें कीं काय, असा प्रश्न निघाला. २८ ऑक्टोबर १९४३ रोजीं चर्चिल यांनीं सभागृहांत आग्रहानें सांगितलें कीं, दालन लांबट चौकोनीच असावें, म्हणजे दोन पक्ष समोरासमोर बसतील. तसेंच तें बांधलें गेलें आणि २६ ऑक्टोबर १९५० रोजीं उघडलें.

या दालनांत पंतप्रधान आणि मंत्री पहिल्या बांकावर बसतात. त्या बांकाचें नांव 'फ्रंट बेंच'. त्यांच्या मागचे सभासद त्यांच्या पाठी पाहतात. ही रांग झाली. मधल्या वाटेच्या पलीकडे दुसरा पक्ष बसतो. त्याच्या सभासदाचा उल्लेख करतांना 'समोरचे सन्माननीय सभासद' या अर्थीं 'ऑपोझिट' हाच शब्द योजण्याची तेथें रूढि आहे, आणि त्या पक्षाचें नांवच 'ऑपोझिशन'. १८२६ सालीं जॉन कॅम हॉबहाउस या सभासदानें 'राजेसाहेबांचा विरोधी पक्ष' असा शब्दप्रयोग विनोदानें केला, आणि तो पुढें गंभीरपणें रूढ झाला. आपण त्याचें भाषांतर 'विरोधी पक्ष' असें केलें. त्यांत विरोध आला, पण समोरची बैठक गेली. आपल्या लोकसभेंत बैठक मुळीं समोरासमोर नाहींच; आसनें अर्धवर्तुळांत आहेत, सत्ताधारी पक्ष अध्यक्षांच्या उजव्या हातास आणि विरोधी पक्ष डाव्या हातास बसतो. 'ऑपोझिट' बसणारा बरोबरीचा असतो, हा त्या शब्दाचा गुण मात्र दोन्हींकडे स्मरणांत ठेवण्यासारखा आहे.

आतां या शब्दांच्या दोन पोटभेदांविषयीं, कारण परीक्षेस बसणारीं मुलें येथें हमखास अडखळतात. 'इन् फ्रंट ऑफ द बस' म्हणजे बसच्या बाहेर, तिच्या तोंडापुढें. तेथें उभें राहणारा जीव धोक्यांत घालतो. 'इन् द फ्रंट ऑफ द बस' म्हणजे बसच्या आंत, पुढच्या भागांत; तेथें बसणारा सुखानें प्रवास करतो. एका चिमुकल्या 'द' नें माणूस चाकाखालून आसनावर येतो. तसेंच, जागा सांगतांना 'ऑपोझिट' च्या पुढें 'ऑफ' लावूं नये. 'ऑपोझिट द बँक' म्हणजे बँकेच्या समोर; 'दि ऑपोझिट ऑफ' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अगदीं उलट, जसें दिवसाच्या उलट रात्र. बँकेच्या उलट काय असतें, हें कर्ज काढणाऱ्यांनींच ठरवावें.

परंतु ज्याला तोंडच नाहीं, त्याच्या पुढें म्हणजे कोठें? घराला दार असतें, माणसाला चेहरा असतो, झाडाला काय? येथें इंग्रज आणि आपण एकाच रीतीनें विचार करतों. झाड जणूं आपल्याकडे पाहत आहे असें मानून, झाडाच्या व आपल्या मधला चेंडू झाडाच्या पुढें आहे असें म्हणतों. सर्व भाषा मात्र असें मानीत नाहींत. पश्चिम आफ्रिकेंत, नायजेरिया व नायजर या देशांत, हौसा नांवाची मोठी भाषा बोलली जाते. त्या भाषेंत झाड पाहणाऱ्याच्याच दिशेस तोंड करून उभें आहे असें समजण्याची पद्धत आहे. म्हणून झाडाच्या पलीकडची वस्तु ही झाडाच्या 'पुढें' ठरते. क्लिफर्ड हिल यांनीं १९८२ सालीं इंग्रजी व हौसा यांची या बाबतींत तुलना केली, तेव्हां हा फरक अभ्यासकांच्या चर्चेंत आला. ज्यास एक समाज पुढें म्हणतो, त्यास दुसरा मागें म्हणतो, आणि दोघेहि आपापल्या ठिकाणीं शहाणे असतात.

आपल्या पूर्वजांनीं तर दिशांनाच तोंडावरून नांवें दिलीं. संध्येस बसलेल्या माणसाचें तोंड सूर्याकडे. जें पुढें तें पूर्व, जें पाठीमागें तें पश्चिम, आणि उजवा हात ज्या बाजूस येतो ती दक्षिण. संस्कृतांत दक्षिण म्हणजे उजवा. घरांतल्या घरांत रोज उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दांत एक मनुष्य पूर्वाभिमुख बसलेला आहे, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. स्थळाचा शब्द नुसती जागा कधींच सांगत नाहीं. कोण कोठें तोंड करून आहे, हेंहि तो सांगत असतो.

यावरून मराठी दरिद्री आहे असा ग्रह मात्र कोणी करून घेऊं नये. ताटासाठीं 'पुढ्यांत', रांगेसाठीं 'पुढें', दोन तोंडांसाठीं 'समोरासमोर', रस्त्याच्या दुसऱ्या कडेसाठीं 'पलीकडे' असे एकाहून एक नेमके शब्द आपल्याजवळ आहेत. आपल्या लग्नांतच दोन्हीं अर्थ मूर्तिमंत उभे राहतात. मंगलाष्टकांच्या वेळीं वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंस एकमेकांकडे तोंड करून उभीं असतात. दोन पक्ष, मध्यें पडदा, बरोबरीचें नातें, म्हणजे शुद्ध 'ऑपोझिट'. पुढें अग्नीला प्रदक्षिणा घालतांना वर पुढें आणि वधू त्याच्या मागें चालते. तेव्हां तो तिच्या 'इन् फ्रंट ऑफ' झाला. 'समोर' हा शब्द तेवढा ऐसपैस आहे. त्याच्या ओसरीवर दोन्हीं पाहुण्यांना जागा होते. दोष शब्दाचा नाहीं. एका भाषेंतील ऐसपैस शब्दाच्या जागीं दुसऱ्या भाषेंतला काटेकोर शब्द डोळे मिटून बसविला, म्हणजे दोष उत्पन्न होतो. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना शब्दास शब्द लावण्याची संवय होती असें आपण म्हणतों. पण आमचे चिरंजीव तर पहिलीपासून इंग्रजी माध्यमांत शिकले! मौज अशी कीं, हेच चिरंजीव मित्रांशीं मराठींत बोलतांना 'बँकेच्या अपोझिटला ये' असें बिनचूक म्हणतात. इंग्रजी लिहावयास बसले कीं मात्र मनांतला 'समोर' पुढें सरसावतो. मराठींत इंग्रजी बरोबर आणि इंग्रजींत मराठी घुसलेली, अशी ही आजच्या घराघरांतील गंमत आहे.

ही केवळ व्याकरणाची चिकित्सा नव्हे. आपल्या देशांत पत्ता हा आंकड्यांपेक्षां खुणांवर अधिक चालतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालखात्यानें सहा आंकडी पिन कोड सुरू केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. संस्कृत कवि म्हणूनहि त्यांची ख्याति आहे. त्या सहा आंकड्यांनीं पत्र बिनचूक योग्य टपालकचेरीपर्यंत जातें. पण तेथून दारापर्यंतचीं शेवटचीं शंभर पावलें अजूनहि 'देवळामागें', 'पिठाच्या गिरणीशेजारीं', 'शाळेसमोर' अशा शब्दांच्याच हातीं आहेत. पत्र चार घरें फिरून आलें तर बिघडत नाहीं. परंतु मध्यरात्रीं १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी लागली, आणि घर कोठें हें सांगतांना रस्त्याची एक बाजू दुसरी झाली, तर दुभाजकाच्या वळणापर्यंत जाऊन परत येण्यांत जो वेळ जाईल, तो कोणाच्या नांवावर मांडावयाचा? म्हणून प्रत्येक घरानें आपला पत्ता, रस्त्याची बाजू स्पष्ट सांगून, दोन ओळींत लिहून फोनजवळ ठेवावा आणि मुलांकडून तो पाठ करून घ्यावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. 'समोर' म्हटलें कीं लगेच 'अलीकडे कीं पलीकडे?' असें विचारावयाची संवय मुलांस लावावी. इंग्रजींत लिहावयाचें झाल्यास रस्ता मध्यें असेल तर 'ऑपोझिट', नसेल तर 'इन् फ्रंट ऑफ', एवढें ध्यानीं धरिलें तरी बहुतेक काम भागतें.

त्या रात्रीच्या सभेचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. बंधूंनीं आपला ठराव मागें घेतला. मागें घेतांना त्यांनीं, ऊन फार होतें म्हणून आपण तसें म्हणालों, अशी दुरुस्ती जोडली. वहिनींनीं आत्याबाईंसाठीं कोकम सरबत आणलें. आमच्या मनास मात्र एक गोष्ट लागून राहिली. ती ओळ सर्वांनीं वाचली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण ती वाचावी असें आम्हांपैकीं एकासहि सुचलें नाहीं. ७८ वर्षांची बाई आणि २४ वर्षांचा मुलगा यांच्यांत चुकलें कोण, याचा निकाल आम्हीं वयाकडे पाहून देऊन टाकला होता. शब्दांचा अर्थ न पाहतां वापर करणें आणि माणसाचें म्हणणें न ऐकतां निवाडा करणें, या दोन चुका एकाच घरांत एकाच दिवशीं झाल्या. पहिली चिरंजीवांची, दुसरी आम्हां वडीलधाऱ्यांची. दुसरी अधिक मोठी, हें आम्ही येथें कबूल करतों.

आत्याबाई पंधरा दिवस राहून सांगलीस परत गेल्या. एकट्याच, आपलें तिकीट आपणच काढून. आतां श्रावणांत पुन्हां येणार आहेत. चिरंजीवांनीं आतांपासूनच त्यांना संदेश पाठवून ठेवला आहे, आणि या वेळीं तो मराठींत आहे: "आत्याआजी, तूं बँकेच्या पायऱ्यांवरच थांब. मोटार वळवून मी तुझ्या पुढ्यांत आणतों."